बिछान्यातल्या माणसाच्या बाजूने

अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्या माणसांचं अंग पुसणं, कवळी धुणं, कूस बदलणं, घास भरवणं, बिछान्यातून उठवून व्हीलचेअरवर बसवणं ही रोजची कामं डॉक्टर करत नाहीत आणि बहुतेक वेळा नर्सही करत नाही. ती करणाऱ्यांना ‘सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट’ म्हणतात; बोलण्यातलं नाव सीएनए. नर्सिंग होम, रुग्णालयं आणि इतर ठिकाणं धरून देशभरात अशा सुमारे १४ लाख नोकऱ्या आहेत. दहातल्या नऊ सहायक बायका आहेत, आणि नर्सिंग होममधल्या साधारण पाचातली एक दुसऱ्या देशात जन्मलेली आहे. या कामात शिरायचं तर एक परीक्षा द्यावी लागते. ती अर्धी प्रश्नांची आणि अर्धी हातांची.

या परीक्षेच्या तयारीवर आज मोठा बाजार उभा आहे. जाडजूड पुस्तकं, शेकडो प्रश्नांचे संच, मोबाइलवरची अ‍ॅप्स, झटपट पास करून देण्याचं आश्वासन देणारे व्हिडिओ. यातलं बरंचसं साहित्य उमेदवाराकडून उत्तरं पाठ करून घेतं. पण ही परीक्षा पाठांतराची नाही. तिच्या यादीतली एकेक पायरी कुठून आली हे कळलं, की तयारी कशी करायची हेही बऱ्याच अंशी कळतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९८७ पर्यंत अमेरिकेत नर्सिंग होममधल्या सहायकाला काय यायला हवं, याचा देशपातळीवर एकही नियम नव्हता. आज नेमणूक आणि उद्या वॉर्डात, असं सहज घडू शकत होतं. तिथल्या वृद्धांच्या हालांविषयी सत्तरच्या दशकापासून लिहिलं जात होतं. कोलोरॅडोतल्या नर्सिंग होममध्ये राहणाऱ्यांच्या वतीने चाललेल्या ‘स्मिथ विरुद्ध हेकलर’ या खटल्यात १९८४ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, की सरकारी पैशावर चालणाऱ्या या ठिकाणी रहिवाशाला प्रत्यक्षात चांगली सेवा मिळते की नाही, हे पाहणं केंद्र सरकारचं कर्तव्य आहे. नुसते कागद तपासून ते पार पडत नाही. पुढच्याच वर्षी ‘नॅशनल सिटिझन्स कोअलिशन फॉर नर्सिंग होम रिफॉर्म’ या संघटनेने एक साधं पण मोलाचं काम केलं. एल्मा होल्डर यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये उभ्या राहिलेल्या या संघटनेने १५ शहरांतल्या सुमारे साडेचारशे रहिवाशांनाच विचारलं, की चांगली सेवा म्हणजे काय. रहिवासी सर्वांत जास्त बोलले ते आपल्याला रोज हात लावणाऱ्या माणसांबद्दल. काम येणारी, पुरेशा संख्येने असणारी आणि मायेने वागवणारी माणसं हवीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

१९८६ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल आला. सहायकांना प्रशिक्षण सक्तीचं करावं, ही शिफारस त्यात होती. २२ डिसेंबर १९८७ रोजी अध्यक्ष रेगन यांची सही होऊन नर्सिंग होम सुधारणा कायदा अस्तित्वात आला.

कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी किमान ७५ तासांचं प्रशिक्षण ठरवलं. त्यातले किमान १६ तास रहिवाशाला हात लावण्याच्या आधीचे. त्यात बोलणं-चालणं, संसर्ग टाळणं, घास घशात अडकला तर करायचा तातडीचा उपाय, रहिवाशाला जमेल ते त्याचं त्याला करू देणं आणि त्याचे हक्क हे विषय येतात. आणखी किमान १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. मग परीक्षा. ती पार केली की नाव राज्याच्या नोंदवहीत जातं. एखाद्या सहायकाने मारहाण, हेळसांड किंवा रहिवाशाच्या पैशाअडक्याची अफरातफर केल्याचं सिद्ध झालं, तर तेही त्याच नोंदवहीत लिहिलं जातं आणि नर्सिंग होमला त्या व्यक्तीला नेमता येत नाही. म्हणजे परीक्षा आणि नोंदवही या दोन्ही गोष्टी आल्या त्या बिछान्यात पडलेल्या माणसाच्या तक्रारीतून. तयारीची पुस्तकं हे सांगत नाहीत, हा त्यांचा मोठा दोष आहे.

७५ तास पुरेसे आहेत का, हा वाद कायद्याइतकाच जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन रेड क्रॉसने रुग्णालयांसाठी ज्या स्वयंसेविका तयार केल्या, त्यांचा अभ्यासक्रमच ८० तासांचा होता. निम्म्याहून अधिक राज्यांनी नंतर आपापली मर्यादा वाढवली. टेक्सासमध्ये १०० तास, फ्लोरिडात १२०, कॅलिफोर्नियात १६० आणि मेन राज्यात १८०. कॅलिफोर्नियाच्या १६० तासांतले १०० तास प्रत्यक्ष रहिवाशांजवळचे असतात, ही त्यातली जमेची बाजू. तरीही त्याच राज्यात नखं रंगवण्याचा परवाना हवा असेल तर ४०० तास शिकावं लागतं. अर्धांगवायू झालेल्या माणसाला उचलणं हे नखं रंगवण्यापेक्षा अडीच पट सोपं आहे, असं कुणीही म्हणणार नाही.

परीक्षा सगळीकडे एकसारखी नाही. उमेदवाराने तयारीला लागण्याआधी ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. प्रत्येक राज्य परीक्षा घेणारी संस्था स्वतः निवडतं. अनेक राज्यांत ‘नॅशनल नर्स एड असेसमेंट प्रोग्रॅम’ ही परीक्षा चालते आणि ती २०२१ पासून क्रेडेन्शिया ही कंपनी घेते. फ्लोरिडा, न्यू यॉर्कसारख्या राज्यांत प्रोमेट्रिक, तर आणखी काही राज्यांत हेडमास्टर ही कंपनी. पायऱ्यांच्या याद्या मिळत्याजुळत्या असल्या तरी तंतोतंत एक नाहीत. एका राज्यात बसून दुसऱ्याच राज्याच्या उमेदवारासाठी बनवलेला व्हिडिओ पाहणारी मुलगी एखादी भलतीच पायरी शिकून जाते. आपल्या राज्याची उमेदवार-पुस्तिका संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते आणि तिच्यात प्रत्येक कौशल्याच्या पायऱ्या शब्दशः छापलेल्या असतात. परीक्षक जी यादी हातात धरतो, तीच उमेदवाराला आधी वाचायला मिळते. इतकी उघडी परीक्षा क्वचितच कुठे असेल. विकतचं पुस्तक त्यानंतर घ्यावं, वाटलं तर.

लेखी भाग तुलनेने हलका. क्रेडेन्शियाच्या परीक्षेत दोन तासांत ७० बहुपर्यायी प्रश्न, त्यातले ६० गुणांचे आणि १० नुसते चाचपणीसाठी. निम्म्याहून अधिक प्रश्न शरीराच्या सेवेवर, बाकीचे मनाच्या गरजा, रहिवाशाचे हक्क आणि सहायकाची भूमिका यांवर. या शेवटच्या गटात उमेदवार घसरतात, कारण तिथे घरगुती शहाणपण चुकीचं उत्तर सुचवतं. एक आजी आज आंघोळ करायची नाही म्हणतात, काय करावं? घरात आपण समजूत घालतो, थोडं दामटतो. परीक्षेचं उत्तर: नकाराचा मान ठेवायचा, कारण विचारायचं, नर्सला कळवायचं. मुलगा विचारतो, आईच्या रक्ताच्या तपासणीत काय निघालं? उत्तर: नर्सकडे पाठवायचं. चालताना आजोबांचा तोल गेला तर? बहुतेकांना वाटतं, त्यांना घट्ट धरून उभं ठेवावं. बरोबर उत्तर: आपल्या अंगाचा आधार देत त्यांना सावकाश जमिनीवर टेकवायचं आणि डोकं सांभाळायचं. उभं धरून ठेवण्याच्या झटापटीत दोघंही पडतात आणि सहायकाची पाठ कायमची जाते. स्मृतिभ्रंशाच्या आजी सत्तर वर्षांपूर्वी वारलेल्या आईकडे जायचं म्हणतात, तेव्हा ‘तुमची आई नाही आता’ असं सांगून त्यांना पुन्हा एकदा पोरकं करायचं नसतं. आईबद्दल बोलतं करायचं असतं.

असे प्रश्न सोडवताना एकच सवय कामाला येते. चार पर्यायांपैकी कुठला पर्याय रहिवाशाला सुरक्षित ठेवतो, त्याचं मत विचारतो आणि सहायकाला त्याच्या हद्दीत ठेवतो, ते पाहायचं. औषध देणं, निदान सांगणं, डॉक्टरांचा निर्णय बदलणं हे सीएनएच्या हद्दीबाहेरचं. दिसलं ते टिपणं आणि नर्सला सांगणं हे मात्र पक्कं तिचं काम. अंगावर लाल चट्टा पहिल्यांदा तिलाच दिसतो. तो वेळीच कळवला आणि दर दोन तासांनी कूस बदलली, तर बेडसोर टळू शकतो.

बाहेरच्या देशातून आलेल्या उमेदवारांना दोन गोष्टी वेगळ्याने छळतात. पहिली म्हणजे मापं. वजन पौंडांत, ताप फॅरनहाइटमध्ये, प्यायलेलं पाणी औंसात. पण नोंद करायची मिलिलिटरमध्ये. एक औंस म्हणजे ३० मिलिलिटर, त्यामुळे आठ औंसांचा पेला २४० मिलिलिटर, हे हिशेब बोटांवर यायला हवेत. दुसरी म्हणजे भाषा. प्रश्न वाचायला अवघड जाणाऱ्यांसाठी तोंडी परीक्षेची सोय आहे. प्रश्न ध्वनिमुद्रणातून ऐकवले जातात आणि काही राज्यांत ते स्पॅनिशमध्येही मिळतात. पण तोंडी परीक्षेतही कामातले दहा शब्द वाचून ओळखावे लागतात, कारण वॉर्डात फलक आणि तक्ते वाचावेच लागणार. मराठीत ही सोय नाही. भारतात नर्सिंग शिकून अमेरिकेत गेलेल्या आणि तिथल्या नर्सिंग परवान्याची वाट पाहणाऱ्या मुलींना काही राज्यं प्रशिक्षणाशिवाय थेट या परीक्षेला बसू देतात. फ्लोरिडात तर प्रौढ उमेदवाराला तसं एरवीही बसता येतं. मात्र नर्सिंगची पदवी हातात असलेली मुलगी इथे नर्ससारखी उत्तरं देते आणि चुकते. ऑक्सिजन वाढवायचा की नाही हे तिला माहीत असतं, आणि तो सीएनएने वाढवायचा नसतो.

खरी धास्ती असते ती प्रात्यक्षिकाची. परीक्षक नोंदणीकृत नर्सच असावी लागते आणि वृद्धांच्या किंवा दीर्घ आजाऱ्यांच्या सेवेचा किमान एका वर्षाचा अनुभव तिला लागतो. यादीत वीस-बावीस कौशल्यं, त्यातली पाच उमेदवाराच्या वाट्याला येतात, तीही त्याच वेळी कळतात. साधारण अर्ध्या तासात पाचही करून दाखवायची आणि पाचही उत्तीर्ण व्हायची. हात धुणं प्रत्येकाच्या वाट्याला येतंच. एखादं मोजण्याचं कौशल्यही असतंच: नाडी, श्वास, रक्तदाब, वजन किंवा लघवी. बाकीची यादी वाचली तर एखाद्या आजारी माणसाचा अख्खा दिवस डोळ्यांसमोरून जातो. तोंड धुणं, कवळी साफ करणं, चेहरा आणि एक हात पुसणं, बेडपॅन देणं, कपडे चढवणं, भरवणं, पायाची निगा, खांदा-गुडघा-घोटा हलवून देणं, कुशीवर वळवणं, पट्टा बांधून चालवणं, कॅथेटरची स्वच्छता, लवचीक मोजा चढवणं.

मोजमापातली सूट ठरलेली आहे. उमेदवाराची नाडी परीक्षकाच्या मोजणीपेक्षा चार ठोक्यांनी, श्वास दोनाने, लघवी २५ मिलिलिटरने इकडेतिकडे चालते, त्यापलीकडे नाही. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. घरी घड्याळ लावून रोज वेगवेगळ्या माणसांची नाडी पाहणं हा यावरचा एकमेव उपाय. तरुण मुलाची ठसठशीत नाडी सापडणं आणि ऐंशी वर्षांच्या आजीची चुकार नाडी सापडणं यात फार फरक आहे, म्हणून शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांचे हात हातात घ्यावेत. तयारीसाठी तर ते हवंच, आणि म्हाताऱ्यांनाही बरं वाटतं.

प्रत्येक कौशल्याच्या पायऱ्यांत काही ठळक छापलेल्या असतात. त्यातली एक चुकली तर बाकी सगळं उत्तम करूनही ते कौशल्य गेलं. व्हीलचेअरवर बसवताना चाकांचे ब्रेक लावलेले हवेत. भरवण्याआधी ताटावरच्या चिठ्ठीतलं नाव वाचून समोरच्याला नाव विचारायला हवं, कारण मधुमेह्याच्या पुढ्यात दुसऱ्याचं ताट गेलं तर काय होतं हे सांगायला नको. कॅथेटर धुताना नळी धरून शरीराकडून बाहेरच्या बाजूला पुसायचं. उलट पुसलं तर जंतू आत ढकलले जातात. डोळे पुसताना नाकाकडून बाहेर, आणि दुसऱ्या डोळ्याला कापडाचा दुसरा भाग. लुळा पडलेला हात बाहीत आधी घालायचा, धडधाकट हात नंतर. क्रम बदलला तर लुळा खांदा ओढला जातो. कवळी धुताना बेसिनमध्ये कापड अंथरायचं किंवा पाणी भरून ठेवायचं, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. बहुतेक पायऱ्यांमागे असं एक कारण आहे: कुणाची तरी कवळी कधीतरी फुटलेली आहे आणि कुणी तरी ब्रेक न लावलेल्या खुर्चीवरून पडलेलं आहे. कारण माहीत असलेली पायरी विसरायला होत नाही. घोकलेली पायरी मात्र परीक्षकाची पेन्सिल हलली की डोक्यातून जाते.

यादीत आणखी एक प्रकारच्या पायऱ्या आहेत. दार वाजवून आत जायचं. आपलं नाव सांगायचं. काय करणार ते समोर पाहून, हळू, स्पष्ट सांगायचं. पडदा ओढायचा. पाणी कोमट आहे का ते आधी स्वतः पाहायचं आणि मग रहिवाशाला हात लावून पाहायला सांगायचं. कुठला शर्ट घालायचा हे विचारायचं आणि तोच घालायचा. भरवताना उभं राहायचं नाही, समोर बसून डोळ्यांच्या उंचीवर यायचं, ताटात काय आहे ते सांगायचं, पुढचा घास देऊ का असं विचारायचं, मध्ये पाणी द्यायचं. काम संपलं की पलंग खाली करायचा आणि बोलावण्याची बेल रहिवाशाच्या हाताला लागेल अशी ठेवायची. प्रोमेट्रिकच्या परीक्षेत तर या सगळ्या वागणुकीचे स्वतंत्र कौशल्य म्हणून गुण धरले जातात. उमेदवार यांना किरकोळ समजून घाईत टाकून देतात आणि तिथेच गुण जातात. या पायऱ्या म्हणजे १९८५ मध्ये त्या साडेचारशे माणसांनी मागितलेली वागणूक आहे. परीक्षेतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, असं ठामपणे म्हणायला हवं.

एक नियम थोडा धोक्याचा वाटतो. पहिल्यांदा हात धुऊन दाखवले, की पुढच्या कौशल्यांत ‘आता मी हात धुईन’ असं नुसतं म्हटलं तरी चालतं. वेळ वाचवण्यासाठी ही सोय आहे आणि ती समजण्यासारखी आहे. पण घरी सराव करतानाही जी नुसतं म्हणत राहते, ती वॉर्डातही नुसतं म्हणण्याची सवय घेऊन जाते. सरावात दर वेळी नळ उघडावा आणि किमान २० सेकंद साबणाने हात चोळावेत.

चूक झाली तर दुरुस्त करता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ‘ही पायरी चुकली, पुन्हा करते’ असं सांगायचं आणि प्रत्यक्ष पुन्हा करायचं. नुसतं सांगून भागत नाही. मात्र जिथे क्रमच महत्त्वाचा असतो, तिथे उशिरा केलेली दुरुस्ती धरली जात नाही. खुर्चीत बसवून झाल्यावर लावलेला ब्रेक कुणाच्या उपयोगाचा?

तयारीच्या सगळ्या पद्धतींत एक पद्धत सर्वांत कमी वापरली जाते आणि तीच सर्वांत फळते: स्वतः बिछान्यात पडणं. अनेक परीक्षा-केंद्रांवर उमेदवारच एकमेकांसाठी रहिवासी बनतात. जननांगांची स्वच्छता आणि कॅथेटर यांसाठी तेवढा पुतळा असतो. सरावात ही अदलाबदल मनापासून करावी. एकीने उजवा हात लुळा सोडून पडून राहावं आणि दुसरीने तिला शर्ट चढवावा. एकीने डोळे मिटून घास घ्यावा. कुणी न सांगता अंगावरचं पांघरूण ओढलं तर कसं दचकायला होतं, चमचा वरून आला तर मान कशी मागे जाते, पाणी जरा गार असलं तर अंग कसं आखडतं, हे तिथे दोन मिनिटांत कळतं. त्यानंतर ‘सांगायचं, विचारायचं, पडदा ओढायचा’ या पायऱ्या आठवाव्या लागत नाहीत. सरावात प्रत्येक कृती मोठ्याने बोलत करावी, तिसरीने यादी हातात घेऊन खुणा कराव्यात. एकटीने सराव करायची वेळ आली तर उशीला शर्ट चढवूनही क्रम पक्का होतो, पण उशी दचकत नाही.

पैशाबाबत कायदा उमेदवाराच्या बाजूने आहे आणि त्याची माहिती फार कमी जणींना असते. प्रशिक्षण सुरू होतं त्या दिवशी जिच्याकडे नर्सिंग होमची नोकरी किंवा नोकरीचा देकार आहे, तिच्याकडून प्रशिक्षणाचा, पुस्तकांचा किंवा परीक्षेचा एकही डॉलर घेता येत नाही. स्वतः खर्च केला आणि नंतर वर्षभरात नर्सिंग होममध्ये नोकरी लागली, तर राज्याने खर्चाची भरपाई करायची असते. नर्सिंग होमला परीक्षा न दिलेल्या सहायकाला चार महिन्यांपर्यंत कामावर ठेवता येतं. प्रत्येकीला किमान तीन संधी मिळतात, आणि एका भागात नापास झालं तर तेवढाच भाग पुन्हा द्यावा लागतो. पास झाल्यावर सलग २४ महिने पगारी काम केलं नाही, तर मात्र पुन्हा प्रशिक्षण आणि परीक्षा, किंवा निदान परीक्षा तरी.

या व्यवस्थेची कसोटी लागली ती कोविडमध्ये. मार्च २०२० मध्ये केंद्राने प्रशिक्षणाची अट स्थगित केली. नर्सिंग होम-चालकांच्या संघटनेने आठ तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम काढला आणि तेवढ्यावर तात्पुरते सहायक कामाला लागले. नातेवाइकांना आत येऊ देत नव्हते, अनुभवी सहायक स्वतः आजारी पडत होत्या. त्या दिवसांत ही माणसं आली नसती तर रहिवाशांना पाणी द्यायला कुणी उरलं नसतं. जून २०२२ मध्ये सवलत संपली आणि या सगळ्यांना चार महिन्यांत परीक्षा द्यायला सांगण्यात आलं. दोन वर्षं काम केलेल्या सहायकांनी परीक्षेची तारीख मिळावी म्हणून ताटकळत बसावं, अशी वेळ अनेक राज्यांत आली, कारण परीक्षक नर्सच कमी होत्या. ग्रामीण भागात आणखी एक पेच आहे. तपासणीत मोठा दंड झालेल्या नर्सिंग होमला दोन वर्षं प्रशिक्षण चालवता येत नाही. नियम न्याय्य आहे, पण तालुक्याएवढ्या परिसरात तेवढं एकच नर्सिंग होम असेल तर तिथल्या मुलींसाठी वर्गच बंद होतो.

तासांचा प्रश्न अभ्यासकांनीही तपासला आहे. अ‍ॅलिसन ट्रिंकॉफ आणि सहकाऱ्यांच्या २०१७ मधल्या अभ्यासात, प्रत्यक्ष कामाचे तास केंद्राच्या किमान मर्यादेपेक्षा जास्त ठेवणाऱ्या राज्यांत रहिवाशांची प्रकृती अधिक चांगली आढळली. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००८ मध्ये किमान १२० तासांची शिफारस केली, २०२२ मध्ये राष्ट्रीय अकादमींच्या अहवालाने तीच पुन्हा केली. देशपातळीवरचा आकडा अजून ७५ वरच आहे. आणि परीक्षा पास झालेल्या किती जणी टिकतात? २०१७-१८ च्या पगारपत्रकांवरून गांधी, यू आणि ग्राबोव्स्की यांनी काढलेल्या हिशेबात नर्सिंग होममधल्या नर्सिंग कर्मचाऱ्यांची सरासरी वार्षिक गळती १२८ टक्के निघाली, म्हणजे एका वर्षात अख्खा संच बदलून वर आणखी काही. २०२४ मध्ये सीएनएचं मध्यक वार्षिक वेतन ३९,५०० डॉलरच्या आसपास होतं. पाठ मोडणारं काम, कमी पगार आणि एकीवर खूप रहिवासी ही स्थिती बदलली नाही, तर परीक्षेत शिकलेलं डोळ्यांच्या उंचीवर बसून भरवणं वॉर्डात टिकणार कसं? दहा जणांना भरवायचं असेल तर कुणीही उभ्यानेच भरवणार.

महाराष्ट्रात या कामाचं जवळचं नातं आहे ते ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ या अभ्यासक्रमाशी. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिल त्याचं मूल्यमापन करते आणि त्यातही लेखी आणि प्रात्यक्षिक भाग असतात. जून २०२१ मध्ये कोविडसाठी केंद्राने जे झटपट अभ्यासक्रम सुरू केले, त्यांत घरगुती आणि प्राथमिक सेवेसाठीही मदतनीस तयार करण्यात आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातही आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या सहायकांना जागा आहे. मात्र इथे हे काम करायला प्रमाणपत्राची सक्ती नाही आणि कुणाला तपासता येईल अशी नोंदवहीही नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी प्रशिक्षित नर्स आणि एएनएम यांच्यासाठी आहे.

पुण्या-मुंबईत ब्युरोमार्फत बारा किंवा चोवीस तासांच्या ड्युटीवर येणाऱ्या मावशी बहुतेक सगळं कामातूनच शिकलेल्या असतात, आणि त्यांतल्या कित्येकींचे हात कुठल्याही परीक्षेत उतरतील असे असतात. पण घरच्यांकडे ते पाहण्याचं साधन नसतं; ते दर, सुट्टी आणि जेवणाची सोय एवढंच बोलतात. अमेरिकेच्या परीक्षेची यादी इथेही तशीच लागू पडते. ती मराठीत उतरवून ब्युरोने प्रत्येक मावशींकडून पाच गोष्टी करून घ्यायच्या म्हटल्या तर अर्धा तास लागेल. ब्युरो करत नसेल तर घरच्यांनी पहिल्या दिवशी आजोबांना बिछान्यातून खुर्चीत बसवताना शेजारी उभं राहावं. मावशींनी आधी आजोबांना काय करणार ते सांगितलं का, व्हीलचेअरचे ब्रेक लावले का, आजोबांच्या पायांत न घसरणारी चप्पल आहे का, उठण्याआधी दोन्ही पाय जमिनीला टेकले का, एवढं पाहावं. एखादी गोष्ट राहिली तर तिथेच, आजोबांसमोर पाणउतारा न करता, दाखवून द्यावी. आणि शिकण्यात गेलेल्या त्या वेळेचे पैसे मावशींना पूर्ण द्यावेत.